खंडेनवमीची नोंद

१

मी पोचलो तेव्हा लेथवरचं रक्त अजून ओलं होतं. आकारामला दवाखान्यात हलवलं होतं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

शिरोली एमआयडीसीतली आप्पांची फाउंड्री. साल दोन हजार चार, दिवाळी संपून आठवडा झालेला, शुक्रवारची सकाळ. ट्रॅक्टरच्या चाकाचा ओतीव लोखंडी हब लेथवर चढवला, हत्यार टेकलं, आणि तो हब काचेगत फुटला. एक तुकडा आकारामच्या हातावर आला.

"सिलिकॉन कमी पडलंय," फाउंड्रीच्या लॅबमधला कृष्णात म्हणाला. "सिलिकॉन कमी झालं की माल असा कडक हुतोय नि फुटतोय. पर कंप्युटरनं सिलिकॉन ठीक हाय म्हणून कागद काढलाय. ह्यो बगा." त्यानं कागद माझ्या नाकासमोर धरला.

कागद खरा होता. आणि तो काढणारा प्रोग्राम माझ्या कंपनीचा होता. राजारामपुरीत दोन खोल्यांत आमचं ऑफिस. मी मालक, हाताखाली दोघं, सुष्मिता आणि प्रसेनजीत. त्या सकाळी दोघांनाही मी फाउंड्रीत बोलावून घेतलेलं.

अंगणात सगळी शिफ्ट जमली होती. आकारामचा भाऊ ज्ञानू तिथंच भट्टीवर कामाला. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "सायेब, ह्ये कुणामुळं झालं?" एवढंच विचारलं त्यानं.

आता बघा, तिथं कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, थांब बाबा, बघतो, मग सांगतो. मी लॅपटॉप उघडला. आमच्या ऑफिसात प्रोग्राममधला प्रत्येक बदल कुणी आणि केव्हा केला याची आपोआप नोंद होते. शेवटची नोंद मी मोठ्यानं वाचली. खंडेनवमी, सकाळी अकरा चाळीस, प्रसेनजीत.

"खंडेनवमीला यानं प्रोग्रामला हात लावलाय," मी म्हणालो. "पूजेच्या दिवशी."

खंडेनवमीला आमच्याकडं हत्याराला कोण हात लावतं? लेथ, भट्टी, रिक्षा, पाना, सगळ्याला हार घालून गप ठेवायचं. आमच्या ऑफिसात कीबोर्डलासुद्धा कुंकू. प्रसेनजीत कागलचा, घरचे छप्पन्न सालापासून बौद्ध, त्याच्याकडं ही पूजा नसते. हे मला माहीत होतं. 'पूजेच्या दिवशी' हे दोन शब्द त्या अंगणात कसे ऐकले जाणार, हेही माहीत होतं. तरी बोललो. या गोष्टीतली पहिली लाज ती, अजून पुढं आहेत.

ज्ञानूनं त्याला कानाखाली मारली. चष्मा उडून खडीवर पडला. कुणी मध्ये आलं नाही. मी लॅपटॉप दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होतो, जसं काही जपायची वस्तू तीच होती.

"मृत्युंजय," आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे बसलिंगाप्पा, फाउंड्रीचे मालक, नात्यानं माझे मामा. "उद्या चारपतोर मला लेखी पायजे. नाव घालून. त्यो कागद मी पोलिसात देतो. आन तू रं, उद्या चारला हितं हजर हो."

शेवटचं प्रसेनजीतला होतं. वय वर्षं तेवीस. बंगळूरच्या एका कंपनीत त्याची निवड झालेली, पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं. पोलिसात नाव गेलं की तो दरवाजा बंद, हे तिथं मला आणि सुष्मिताला ठाऊक होतं.

त्यानं चष्मा उचलला, शर्टाला पुसला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "सर, लिहायच्या आधी दुभाषीला एकदा दोन वेगळे आकडे देऊन बघा."

आणि गेला.

२

दुभाषी म्हणजे काय ते सांगायला पाहिजे.

आमचं मूळ गाव सीमेवरचं. माझ्या अव्वाला, म्हणजे आजीला, कन्नडच यायचं. बाजारात ती कन्नडात भाव विचारायची, बागवान मराठीत सांगायचा आणि मध्ये मी. कंप्युटरचंही तसंच असतं. एक प्रोग्राम एका भाषेत लिहिलेला, दुसरा दुसऱ्या भाषेत. याला त्याच्याकडून एखादं गणित करून घ्यायचं असलं तर मध्ये कुणीतरी लागतं. आकडे कुठं ठेवायचे, कुठल्या क्रमानं द्यायचे, उत्तर कुठून उचलायचं, हे त्या मधल्याला कळावं लागतं. असा मधला मी अठ्ठ्याण्णव साली पाच महिने खपून एकट्यानं लिहिला आणि त्याला दुभाषी नाव दिलं. कुठल्याही मशीनवर न्या, चालणार! ही माझी फुशारकी. कोल्हापुरात बसून असलं कोण लिहितं हो? चारचौघांत विषय निघाला नाही तर मी काढायचो.

आप्पांच्या फाउंड्रीत लोखंडाच्या घटकांचं गणित करणारा प्रोग्राम जुना होता, सी भाषेतला. कृष्णात आकडे भरायचा तो पडदा नवा, सुष्मितानं पायथनमध्ये केलेला. दोघांच्या मध्ये दुभाषी. त्या दसऱ्याला आप्पांनी नव्या जातीचा, चौसष्ट बिटांचा कंप्युटर घ्यायचं ठरवलं. तसलाच एक आमच्या ऑफिसातही आला. दुभाषीला त्याच्यावर उभं करायचं काम मी प्रसेनजीतला दिलं होतं.

बसवायचा मुहूर्त दसऱ्याचा. आमची रीत अशी, अष्टमीच्या संध्याकाळी पूजा मांडायची. त्यात ऑफिसची किल्ली, हिशेबाची वही, गिऱ्हाइकाला द्यायची सीडी, सगळं. मांडलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही. प्रसेनजीत तेवढा मागच्या खोलीतल्या मशीनवर काम करायचा. तिला हार नसायचा, आणि माझी ना नव्हती. "तुला काय, तुझं चालू दे," असं मीच हसून म्हणायचो. मला वाटायचं, मी किती मोकळ्या मनाचा.

दसऱ्याला आम्ही फाउंड्रीत गेलो. प्रसेनजीत त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तनाच्या कार्यक्रमाला गेलेला. पूजेतली सीडी मी कुंकवासकट ड्राइव्हमध्ये सरकवली. मग मुहूर्ताचा आकडा. आप्पांच्या भट्टीतून पहिल्यांदा लोखंड निघालं त्या दिवसाचं रीडिंग मी जपून ठेवलंय. नवं मशीन आलं की तेच रीडिंग पाच वेळा भरायचं. सवाष्णीची ओटी भरावी तसं. पहिल्या वेळी पडद्यावर शून्य आलं.

"नवी नवरी हाय, लाजतीया!" आप्पा म्हणाले, आणि सगळे हसले.

पुढच्या चारही वेळी उत्तर बरोबर आलं. पेढे वाटले.

तर आता संशयित तीन. पडदा करणारी सुष्मिता, रोज आकडे भरणारा कृष्णात, आणि दुभाषी नव्या मशीनवर आणणारा प्रसेनजीत. माझा निकाल अंगणातच झालेला. बाकीच्यांना विचारायचं ते कागद भरायला.

३

कृष्णातला मी शुक्रवारी दुपारी लॅबमध्ये गाठलं. गडी तापलेला होता.

"म्हंजे आता माज्यावर व्हय?" तो म्हणाला. "मी आकडा चुकीचा घातला म्हंता?"

"तसं म्हणत नाही. विचारतोय."

"इचारा की. वीस वरसं हाय मी हितं. तुमच्या कंप्युटरवर माजा काडीचा भरवसा न्हाय, म्हणून सगळं वहीत लिवतो. ह्ये घ्या!"

वही आपटली माझ्यापुढं. प्रत्येक हीटची, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या लोखंडाची, एक ओळ. यंत्रानं दिलेलं रीडिंग आणि कंप्युटरनं कागदावर काढलेलं सिलिकॉन. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत सगळ्या ओळी जवळजवळ सारख्या.

"एवढे दिवस काही चुकलं नाही?"

"चुकंल कशाला? एकच ऑर्डर हुती, पंपाच्या बॉडीची. एकच माल, एकच मिसळण. सकाळी जो आकडा, त्योच संध्याकाळी."

"मग?"

"मग ह्या बुधवारी पयल्यांदा मिसळण बदलली. हबचा माल सुरू झाला."

मी बोट ठेवून वाचलं. बुधवारची पंपाची शेवटची हीट, सिलिकॉन दोन पूर्णांक दहा. त्याखाली हबची पहिली हीट, तीही दोन पूर्णांक दहा. रीडिंग वेगळं, उत्तर तेच. त्याखाली हबची दुसरी, एक पूर्णांक तीस.

"ह्या दुसऱ्या टायमाला कंप्युटर बोंबलला की सिलिकॉन लई कमी हाय," कृष्णात म्हणाला. "मग आमी घातलं ज्यादा. पयल्याला बोलला न्हाय म्हणून कायबी घातलं न्हाय. आज फुटलं ते त्या पयल्यातलं."

"पहिल्या हीटचा नमुना ठेवलाय?"

"ठेवला हुता. आकारामचं झाल्यावर ॲसिडात घालून जुन्या पद्धतीनं काढलं." त्यानं थांबून माझ्याकडं बघितलं. "एक पूर्णांक तीस."

दुसऱ्या हीटच्या कागदावर आलेला आकडा पहिल्या हीटचा होता. आणि पहिल्याच्या कागदावर आलेला त्याच्या आधीच्या हीटचा. मशीन एक हीट मागं चालत होतं, आणि माल सारखा असल्यामुळं महिनाभर कुणाला पत्ता लागला नव्हता.

असं का होतं, तेही मला त्या लॅबमध्येच कळलं. काही घरी पाव्हण्याच्या ताटातच भाकरी वाढतात, काही घरी परात मध्ये ठेवतात आणि ज्यानं त्यानं उचलायची. जुन्या मशीनची रीत ताटातली, नव्या मशीनवर दशांशाचे आकडे परातीत ठेवायचे असतात. दुभाषी जुन्या सवयीनं ताटात वाढत राहिला. सीचा प्रोग्राम परातीत हात घालायचा, आणि तिथं मागच्या पंगतीची शिळी भाकरी असायची.

म्हणजे चूक दुभाषीच्या नव्या मशीनच्या भागात. म्हणजे प्रसेनजीतच्या भागात. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मी बरोबर निघालो म्हणून बरं वाटलं.

आणि मग आठवलं, तो जाता जाता काय म्हणाला होता. दोन वेगळे आकडे देऊन बघा. चूक नेमकी कशानं दिसते हे या पोराला माहीत होतं. माहीत असून महिनाभर गप्प बसला? मग ही चूक कसली, हा तर मुद्दाम केलेला उद्योग!

४

संध्याकाळी ऑफिसात आलो तो तावातच. मागच्या खोलीतलं मशीन लावलं. फाउंड्रीतल्याचं हे सख्खं भावंड, आणि त्याच्यावर प्रसेनजीतचं खंडेनवमीचं काम जसंच्या तसं होतं. मला पुरावा पाहिजे होता. पंपाचं रीडिंग दिलं, मग हबचं. पडद्यावर पुन्हा दोन पूर्णांक दहा येणार, त्याचा कागद काढणार आणि अहवालाला टाचणार.

पडद्यावर एक पूर्णांक तीस आलं.

मी पुन्हा दिलं. उलटं दिलं, सुलटं दिलं, वहीतले दहा आकडे दिले. दहाही बरोबर. पहिल्या फटक्याला शून्यसुद्धा नाही.

मी नोंद उघडली, सकाळी अंगणात वाचली तीच. सकाळी मी फक्त तारीख आणि नाव वाचलं होतं. त्याच्याखाली बदल करणारानं चार ओळी लिहायच्या असतात. हा नियम माझाच. त्या ओळी मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचल्या.

"नव्या मशीनवर दशांशाचे आकडे चुकीच्या जागी ठेवले जात होते, त्यामुळे मागचाच आकडा परत येत होता. एकच आकडा पुन्हा पुन्हा दिला तर चूक दिसत नाही, दोन वेगळे द्यावे लागतात. काल संध्याकाळी लक्षात आलं, आज दुरुस्त केलं. दसऱ्याला हेच चढवावं."

मी ती नोंद तीनदा वाचली. खंडेनवमीला त्यानं काही बिघडवलं नव्हतं. बिघडलेलं नीट केलं होतं. ज्या ओळीवरून मी त्याला अंगणात उभा केला, त्याच ओळीत तो सुटत होता.

मग फाउंड्रीत जे चाललं होतं ते काय होतं, आणि ते तिथं नेलं कुणी?

५

शनिवारी सकाळी मी सुष्मिताला समोर बसवलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, टेबलावरच्या काचेकडं बघत होती.

"फाउंड्रीत दुभाषीची दुरुस्त झालेली आवृत्ती गेलीच नाही," मी म्हणालो. "जुनी गेली. कशी गेली?"

"सर, हे तुम्ही मला विचारताय?"

"मग कुणाला विचारू?"

"सीडी कुणी केली?" तिनं विचारलं.

मी खुर्चीत मागं टेकलो.

"अष्टमीला संध्याकाळी पाच वाजता तुम्ही केली. स्वतः. म्हणालात, दुभाषी माझा आहे, सीडी मीच करणार. केली आणि पूजेत ठेवली. प्रसेनजीतला चूक सापडली ती त्याच्यानंतर, आणि दुरुस्त केली दुसऱ्या दिवशी अकरा चाळीसला. तेव्हा सीडी फुलांखाली होती, सर. अकरा चाळीसचं काम तिच्यावर कुठून जाणार?"

इतकं सोपं होतं. चौथीतल्या पोराला सांगितलं असतं तर त्यानंही काढलं असतं. अष्टमीच्या सीडीवर नवमीचं काम असूच शकत नाही. मी शुक्रवारपासून तिघांची नावं घेऊन फिरत होतो, आणि सीडी करणारा, ड्राइव्हमध्ये घालणारा, एकच आकडा पाच वेळा भरून पेढे वाटणारा मी. शून्य आलं तेव्हा नवरी लाजली म्हणून हसणाऱ्यांतही मी होतो.

"पण त्यानं सांगायचं नाही का?" माझा आवाज चढला. हो, तेव्हासुद्धा चढला. "एवढं मोठं काम केलं, एक शब्द बोलता आला नाही त्याला?"

सुष्मितानं आता मान वर केली.

"तुम्हाला खरंच आठवत नाही?"

"काय?"

"दसऱ्याला सकाळी आठ वाजता. आपण निघतच होतो. फोन मी उचलला. तो कार्यक्रमाच्या ठिकाणाहून बोलत होता, मागं लाउडस्पीकर होता. म्हणाला, सरांना सांग, सीडी नवीन करा, जुनीत चूक आहे, दहा मिनिटांचं काम आहे. मी रिसीव्हर हातात धरूनच तुम्हाला सांगितलं."

"मग मी काय म्हणालो?"

तिनं पुन्हा काचेकडं बघितलं.

"तुम्ही म्हणालात, पूजेतली सीडी बदलत नसतात. त्याला म्हणावं, तुला काय कळणार त्यातलं."



"त्याला ऐकू गेलं?"

"रिसीव्हर उघडाच होता की, सर. तुम्ही मोठ्यानं बोललात. आपल्याला न्यायला आलेला आप्पांचा ड्रायव्हर हसला. मी पण हसले." तिचे डोळे भरून आले. "काल अंगणात मला सगळं माहीत होतं. पण तुम्ही बोलत होता. तुमच्यापुढं मी काय बोलणार?"

मी विसरलो होतो. शपथेवर सांगतो, विसरलो होतो. ज्याला ते लागलं तो महिनाभर ते घेऊन रोज माझ्यासमोर काम करत होता. मी मात्र बोललो, गाडीत बसलो, विसरलो. लाज कशाला म्हणतात ते मला त्या टेबलाशी कळलं. चूक झाली म्हणून नव्हे हो, चूक कुणाच्याही हातून होते. त्यानं सांगितलं ते मी ऐकलं नाही, कारण सांगणारा तो होता.

सुष्मिता गेल्यावर मी अहवाल लिहायला घेतला. पहिलं वाक्य झकास जमलं, 'तांत्रिक कारणामुळे जुनी आवृत्ती वापरात राहिली.' कुणाचंच नाव नाही. सगळे सुटतात, मी पण सुटतो. ते वाक्य मी बराच वेळ बघत बसलो आणि मला ते आवडत होतं. फाडायला जड गेलं. फाडलं मात्र.

६

चार वाजता अंगणात सगळे होते. आप्पा ऑफिसच्या पायरीवर, कृष्णात, ज्ञानू, दुसरी शिफ्ट. प्रसेनजीत फाटकाजवळ सायकलींच्या रांगेशी उभा होता, खांद्याला पिशवी. डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालेलं.

"आण कागद," आप्पा म्हणाले.

"कागदाआधी बोलतो," मी म्हणालो. "काल मी प्रसेनजीतचं नाव घेतलं. ते खोटं होतं. त्यानं खंडेनवमीला चूक दुरुस्त केली होती. दुरुस्त केलेलं इथं आलंच नाही, कारण अष्टमीची सीडी मी केली, मी आणली, मी चढवली. त्यानं फोन करून सांगितलं होतं, सीडी बदला. मी त्याला काय म्हणालो तेही सांगतो." आणि सांगितलं, शब्द न् शब्द. "आकारामची बोटं माझ्यामुळं गेली. कागदावर माझं नाव आहे. आप्पा, पोलिसात द्या."

भट्टीचा ब्लोअर तेवढा ऐकू येत होता.

मी ज्ञानूकडं बघितलं. तो दोन पावलं पुढं आला होता, मूठ वळलेली, जबडा घट्ट. मी चष्मा काढून खिशात ठेवला. मला ते पाहिजे होतं, देवाशपथ पाहिजे होतं.

ज्ञानूनं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी नुसती मान हलवली. ज्ञानूची मूठ सुटली.

"जाऊ द्या, सायेब," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "तुमी काय मुद्दाम केलंय?"

"याला मारलंस ना काल? मग मला?"

"काय वो सर, कायबी बोलताय!" मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं ओशाळं हसले.

"माणूस हाय, हुतंय चूक," आप्पा म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून अहवाल घेतला, न वाचताच चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. "घरातल्या घरात पोलीस कशाला? आकारामचं मी बगतो. कृष्णात, खुर्ची आण रं. ह्येचा चेहरा बग कसा झालाय. चहा सांग."

"आप्पा, याला काल तुम्ही पोलिसात देणार होता."

"तवा ठावं न्हवतं."

"आता ठाऊक झालं. आता माझं नाव द्या."

"बस खाली," आप्पा म्हणाले. तो आवाज मामाचा होता.

खुर्ची आली. कुणीतरी खांद्याला धरून मला बसवलं.

प्रसेनजीत फाटकाजवळून चालत आला. मी उठायला गेलो. "प्रसेनजीत, मी..."

"सर, आज पाचला नवी हीट निघणार आहे," तो म्हणाला. "मशीनवर अजून तीच सीडी आहे ना?"

"हो."

"मग आधी ते बदलतो."

त्यानं पिशवीतून सीडी काढली आणि लॅबकडं गेला. दार उघडंच होतं. दहा मिनिटं तो आत पाठमोरा बसलेला दिसत होता. कृष्णात वही घेऊन शेजारी उभा राहिला. दोघांनी एक आकडा घातला, मग दुसरा, वेगळा. कृष्णात काहीतरी म्हणाला आणि प्रसेनजीतनं मान डोलावली.

बाहेर आला तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. आप्पांच्या हातात होता, ज्ञानूच्या हातात होता. ट्रे घेऊन आलेल्या बाईनं एकदा त्याच्याकडं बघितलं, ट्रेकडं बघितलं. कप संपले होते.

"झालं," तो म्हणाला. "सोमवारपासून मी येणार नाही, सर. दाखला पोस्टानं पाठवा."

"मी बंगळूरच्या कंपनीला स्वतः लिहितो. सगळं खरं लिहितो."

"माझ्याबद्दल काही लिहू नका, सर. फक्त तारखा लिहा. कधी लागलो, कधी सोडलं."

तो सगळ्यांच्या मधून चालत गेला. ज्ञानू बाजूला झाला, पण बोलला काही नाही. फाटकाबाहेर हायवेला कागलची एसटी थांबवायला त्यानं हात केला.

मी पोलिसात स्वतःहून जाऊ शकत होतो. शिरोलीचं ठाणं तिथून चालत दहा मिनिटांवर. गेलो नाही.

"घे की, गार हुतोय," आप्पा म्हणाले.

मी तो चहा प्यायलो.